हात का नाही बदलला?

आत्या, काल देवळात तुझी शोकसभा झाली. पहिल्याच वक्त्याने डोळे मिटून, आवाज खाली आणून सांगितलं, की रामनवमीचं कीर्तन हे तुझं हंसगीत ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला मात्र हसू फुटायला आलं, कारण तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसून विचारलं असतंस, "नंदे, ह्याची गोष्ट काय?" मग मी तुझ्या कानात सांगितलं असतं, की हंस जन्मभर गप्प राहतो आणि मरायच्या आधी एकदाच गातो, अशी जुन्या ग्रीक लोकांची समजूत होती. त्यावर तू म्हणाली असतीस, "जन्मभर गप्प? मग मी कसली हंस!" आणि पदर तोंडाला लावून वक्त्याकडे गंभीरपणे बघत बसली असतीस.

तुझा जन्म कुठला, कीर्तन कुणाकडे शिकलीस, किती गावं फिरलीस, हे सगळं काल बाकीचे बोलले. त्यांच्या यादीत माझं काही नव्हतं. मला शेवटी "दोन शब्द" बोलायला उभं केलं. मी काय बोलले ते सांगतेच, पण त्याआधी आपलं भांडण पुन्हा एकदा नीट मांडायला हवं. तू अर्धवट टाकून गेलीस ते.

दहावीनंतर बाबांनी मला इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधून उचलून तुझ्याकडे पंचवटीत आणून सोडलं. देवळाच्या मागची ती एक खोली, बाहेर नळ, आणि खिडकीतून दिसणारा कळस. चातुर्मासात तू रोज संध्याकाळी देवळात कीर्तन करायचीस आणि ट्रस्टने त्यासाठी ती खोली तुला राहायला दिली होती. कीर्तन गेलं की खोली जाणार. खोली गेली की मी परत इगतपुरीला, आणि तिथे बाबांनी एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं. हे आपण दोघी कधी बोललो नाही, पण दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. मला शिकायचं होतं आणि ते त्या खोलीवर अवलंबून होतं.

आणि मी काय केलं? बारावीच्या पहिल्याच चाचणीत इंग्रजीत नापास झाले.

गाइडमधलं ते इंग्रजी वाक्प्रचारांचं पान मी डोलत डोलत पाठ करत होते. अकिलीसची टाच म्हणजे कमकुवत बाजू. मिडासचा स्पर्श म्हणजे हात लावेल तिथे भरभराट. पँडोराची पेटी म्हणजे संकटांचं मूळ. तू मेथी निवडत होतीस. थोडा वेळ ऐकलंस आणि म्हणालीस, "हा अकिलीस कोण?"

"माहीत नाही. परीक्षेला अर्थ विचारतात."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट दिलेली नाही."

तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. "अगं, लक्ष्मणरेषा म्हणजे मर्यादा, एवढं सांगून मी खाली बसले तर लोक चपला घालून घरी जातील. गोष्ट नाही म्हणजे तुला आठवणार तरी कशाच्या आधारावर?"

तुझं बरोबर होतं. लक्ष्मणरेषा ही तर आपल्या पंचवटीतली वस्तू. दोन गल्ल्या ओलांडल्या की सीतागुंफा. शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून ज्या शहराचं नाव पडलं असं सांगतात, तिथल्या पोरीला वाक्प्रचार गोष्टीशिवाय शिकवणं म्हणजे थट्टाच होती. दुसऱ्या दिवशी तू मला वाचनालयात पिटाळलंस. ग्रीक गोष्टींचं एक जाड पुस्तक मिळालं. रोज दुपारी तू भाजी निवडायचीस आणि मी एक गोष्ट वाचून सांगायची, हा नेम सुरू झाला.

ते दिवस आठवले की अजून मजा वाटते. मिडास राजाच्या ताटातली भाकरी सोन्याची झाली, मग पोटच्या पोरीला हात लावला आणि तीही सोन्याची झाली, तेव्हा तू "अरेरे" म्हणून हातातला पाला बघत राहिलीस. पण त्या लाकडी घोड्याच्या गोष्टीला तुझा राग अनावर झाला. शत्रू दहा वर्षं वेढा घालून बसलाय, एका सकाळी निघून जातो, दारात, पोटात सैनिक लपवून, एवढा थोरला घोडा ठेवून जातो, आणि हे लोक वाजतगाजत आत ओढून घेतात? "एकाने तरी पोटाला कान लावायचा! आपल्याकडे पाहुणा आला तरी बाया त्याची पिशवी चाचपून बघतात." ट्रॉयच्या लोकांवर तू दोन दिवस चिडून होतीस.

अकिलीसची गोष्ट मात्र ऐकून तू नुसती उठलीस आणि कुकर लावलास.

श्रावणातला दिवस होता. देऊळ भरलं होतं. पूर्वरंगात तू आईच्या मायेवर बोललीस, मधे नामघोष झाला, बुक्का लागला, हार घातला गेला. पेटीवाल्याने उत्तररंगाचा सूर धरला. सगळ्यांना वाटलं, आता ध्रुवाचं आख्यान. तू पदर खोचलास, कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे एकदा बघितलंस आणि सुरू केलंस, "फार लांब, समुद्रापलीकडे ग्रीस नावाचा देश. तिथे समुद्राची एक लेक होती. नाव थेटिस. तिला मुलगा झाला, त्याचं नाव अकिलीस. आणि तिला कळलं, की बायांनो, आपलं पोर अल्पायुषी आहे."

बायका पुढे सरकून बसल्या. त्या माउलीला तू पाताळातल्या नदीकडे धावत नेलंस. त्या नदीचं पाणी अंगाला लागलं की शस्त्र लागत नाही. मग तू थांबलीस आणि समोरच्या बायकांना विचारलंस, "आपण कुंडावर पोराला कसं बुडवतो?" आणि डाव्या हाताने हवेतलं पोर टाचेशी धरून असं अलगद उलटं बुडवलंस, की पुढे बसलेल्या एका बाईने आपलं खरंखुरं पोर पोटाशी घट्ट धरलं. सारं अंग भिजलं. आईने धरली होती तेवढी टाच कोरडी राहिली. आणि पुढे मोठेपणी त्या पठ्ठ्याला बाण लागला तो नेमका तिथे.

आता इथे तुझा अभंग यायचा होता. तेवढ्यात खांबापासून आवाज आला, "अवो बाई, पर तिनं हात का नाय बदलला?"

फुलवाली चंद्राबाई. देवळाच्या दारात हार विकणारी, कीर्तनाला खांबाला टेकून बसणारी. "एकदा ह्या हातानं बुडवायचं, मंग त्या हातानं. आमी तर कुंडावर तसंच करतो."

देऊळ हसलं. आणि आत्या, जिला कधी शब्द शोधावा लागला नाही, ती तू चिपळ्या हातात धरून उभी राहिलीस. तबल्याने दोन आवर्तनं उगाच वाजवली. मग तू म्हणालीस, "चंद्राबाई, विचारून सांगते."

घरी आल्या आल्या मला विचारलंस, "पुस्तकात काय दिलंय?"

"काही दिलेलं नाही."

"मग पुस्तक अपुरं आहे," म्हणालीस आणि पानं वाढलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. ट्रस्टचे अध्यक्ष. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि कुणालाही दुखवायचं नाही अशा बेताने दुखवणारं बोलणं. मी स्टोव्हपाशी चहा करत होते.

"बाई, तुमच्या कीर्तनाबद्दल प्रश्नच नाही. पण रामाच्या देवळात ही परकी नावं. काही मंडळींना ते रुचलेलं नाही. म्हणतात, आपल्या पुराणांत काय गोष्टी संपल्या?"

"संपल्या नाहीत, नाना. पण ही पण आईचीच गोष्ट आहे."

"असेल. मला वाद घालायचा नाही." नानांनी एकदा खोलीच्या भिंतींवरून नजर फिरवली. "पण असंच चाललं तर पुढच्या चातुर्मासाचा विषय मला ट्रस्टपुढे ठेवावा लागेल."

भिंती बघून झाल्यावर नानांना पुढचं बोलायची गरज नव्हती. त्यांनी चहा घेतला, उठले, दारात चपला घातल्या. आणि मग वळून, आवाज जरा उतरवून म्हणाले, "पण काय हो बाई, तिनं हात का नाही बदलला?"

तू हसली नाहीस. ते तुलाच जमे. "ते सांगायचं तर गोष्ट पुन्हा सांगावी लागेल, नाना."

नानांनी टोपी सारखी केली. "असं करा, नावं घेऊ नका. देश नको, नाव नको. नुसतं एक आई होती, म्हणा."

"बरं," तू म्हणालीस.

मला तो "बरं" फार लागला. सतरा वर्षांची होते. खोली वाचली, कॉलेज वाचलं, याचा आनंद व्हायचा सोडून मी तुझ्याशी भांडले. ज्यांची गोष्ट त्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणजे चोरी आहे, म्हणाले. उद्या कुणी सीतेची गोष्ट घेतली आणि नुसतं "एक बाई होती" म्हणालं तर चालेल का तुला? तुला दुसरीकडे कुठे थारा नाही म्हणून तू नमलीस. "घाबरलीस तू!"

"हो," तू म्हणालीस. "घाबरले." आणि परातीत पीठ घेतलंस.

तू वाद घातला असतास तर मला सोपं गेलं असतं. कबूल करून टाकलंस, तिथे मी काय बोलणार!

त्यानंतर त्या सगळ्या गोष्टी नावं गाळून देवळात आल्या. आणि काय गंमत झाली बघ. वर्षभरात त्या आपल्या गल्लीच्या बोलण्यात शिरल्या. कुणाचा मुलगा चांगला शिकलेला पण दारू सोडत नसला, की बाया म्हणायच्या, "बाकी सोनं हाय पोरगं, पर टाच कोरडी राह्यली." द्वारका चौकातला एक दुकानदार सणाच्या दिवशीसुद्धा गल्ला सोडून जेवायला घरी जाईना, तर त्याची बायको त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "खा मग सोन्याची भाकरी!" आणि फुकट म्हणून काही दारात आलं, मग ती साबणाची वडी असो की निवडणुकीतली साडी, चंद्राबाई डोळे बारीक करून म्हणायची, "आदी घोड्याच्या पोटाला कान लावा." ते मूळ गोष्टीत नाही. ते तुझं. मेथी निवडताना रागावली होतीस तेव्हाचं.

बारावीला इंग्रजीत पास झाले. पेपरात अकिलीसच्या टाचेचा वाक्यात उपयोग करा, असं आलं होतं. मी वाक्याऐवजी अर्धं पान गोष्टच लिहिली, तुझ्या हातवाऱ्यांसकट. तपासणाऱ्याने काय केलं देव जाणे. पुढे बी. ए., एम. ए., मग इथल्याच कॉलेजात इंग्रजीची नोकरी. वर्गात मी हट्टाने सगळी नावं घेते. ही टाच कुणाची, ही पेटी कुणाची, घोडा कुठल्या गावच्या वेशीतून आत गेला. पोरं जांभया देतात. मग मी भाजी निवडल्यासारखे हात करते आणि गोष्ट सांगते, की जागी होतात.

आपला वाद मात्र चालूच राहिला. मी दर दिवाळीला उकरून काढायची. एकदा तर मला वाटलं, आता तुला पकडलंच. "टांगती तलवार" हा शब्द तू कीर्तनात सर्रास वापरायचीस. मी शोधून आणलं, की तीही ग्रीकांकडची. राजाच्या सुखाचा हेवा करणाऱ्या माणसाला राजाने सिंहासनावर बसवलं, आणि त्याने वर पाहिलं तर डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगलेली. "त्या माणसाचं नाव डॅमोक्लीस," मी विजयाने म्हणाले. तू शांतपणे चष्मा पुसलास. "बघ. म्हणजे कुणीतरी माझ्याआधीच नाव पुसून ती मराठीत आणली. आणि आज रेशनच्या रांगेतली बाईसुद्धा म्हणते. नाव ठेवलं असतं तर तुझ्या कॉलेजातच टांगून राहिली असती."

तरी नाव घ्यायला हवं, हे मी सोडणार नाही.

नंतर कॉलेजात संगणक आले. एक दिवस सगळेच बंद पडले. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, ट्रोजन शिरलाय." कुणीतरी फुकटचा खेळ म्हणून काहीतरी आत घेतलं होतं आणि त्याच्या पोटात व्हायरस होता. संध्याकाळी तुला सांगितलं तर तुला हसू आवरेना. "अगं बाई! घोडा अजून फिरतोय? आणि अजून कुणी कान लावत नाही?" त्या दिवशी तू खुर्चीत बसल्या बसल्या मला पूर्ण आख्यान करून दाखवलंस. तेव्हा तुझा आवाज बसायला लागला होता.

आणि हाताचा प्रश्न. तोही तू बारा वाटांनी सोडवलास. कधी म्हणायचीस, नदीचा नियम असेल, एकदाच बुडवायचं. कधी म्हणायचीस, आई होती, घाईत होती, घाईत राहून जातं. पण गेल्या पावसाळ्यात, गोदेला पूर होता, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं होतं, आणि आपण दोघी पुलावरून बघत होतो, तेव्हा तू मधेच म्हणालीस, "हात बदलायचा तर एकदा सोडावं लागतं, नंदे. असल्या पाण्यात कोण सोडेल?"

मी लगेच म्हणाले, "सोडायचं कशाला? आधी दुसऱ्या हाताने दंड धरायचा, मग टाच सोडायची."

"तुला मूल असतं तर असं बोलली नसतीस," तू म्हणालीस.

"हे काय उत्तर झालं?"

"मला तरी कुठे होतं," तू म्हणालीस आणि पाण्याकडे बघत राहिलीस. मग भजी खाऊ म्हणालीस. भांडण तिथेच राहिलं. महाशिवरात्रीला त्र्यंबकला जाऊ तेव्हा पुन्हा काढीन, असं मी मनात ठरवलं होतं. तेव्हा तुला प्रवास झेपेना, म्हणून गेलोच नाही.

तू गेलीस त्याच्या दहाव्या दिवशी मी चंद्राबाईकडे फुलं घ्यायला गेले. आता तिला नीट दिसत नाही, पण बोटांनी हार ओवते. मला आवाजावरून ओळखलं. जवळ बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाईंची टाच तू व्हतीस, पोरी."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय? बाई कुनाला ऐकनाऱ्या नव्हत्या. नाना येऊन गेले ना, त्याच आठवड्यात पुन्याहून मानूस आल्ता. तिकडं या, ऱ्हायला जागा देतो, पोरींना कीर्तन शिकवा, पायजे ती गोष्ट सांगा म्हने. बाई लय खूश झाल्या व्हत्या. मला दारात सांगितलं त्यांनी. मंग म्हनल्या, पोरीची बारावी हाय. मधीच उपटून कुठं नेऊ? आन् मागं ठेवली तर तिचा बाप लगीन लावून मोकळा हुईल. नानाचं ऐकते गुमान."

ती हार ओवतच होती. मी मात्र तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी बसून रडले. रडले ते वाईट वाटून नाही, आत्या. इतकी वर्षं मी तुला चिडवत राहिले आणि तू एकदाही पुण्याचं नाव काढलं नाहीस. ना रागाच्या भरात, ना आजारपणात. मला दोन डिग्र्या मिळाल्या, नोकरी मिळाली, मनाजोगता संसार मिळाला, आणि त्याचं ओझं तू माझ्यावर एक गुंजभर टाकलं नाहीस. एवढं नशीब किती जणींचं असतं! मी तुला "घाबरलीस" म्हणाले आणि तू "हो" म्हणालीस. खरंच घाबरली होतीस तू. पण तुझ्यासाठी नाही.

तर काल मला दोन शब्द बोलायला उभं केलं. नाना आता नाहीत, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. तो हळूच मला म्हणाला, "ताई, तुम्ही कुठलीही नावं घ्या, आता कुणाची हरकत नाही." मी वर्गातल्यासारखी सुरुवात करणार होते. ग्रीस, थेटिस, अकिलीस, सगळं ओठांवर आलं होतं. समोर बघितलं तर खांबाशी चंद्राबाई, तोंड वर करून, माझ्या आवाजाच्या दिशेने.

मी म्हणाले, "एक आई होती."

मग ती नदी, ते पोर. माझा डावा हात तुझ्यासारखाच वळला. टाच कोरडी राहिली, इथवर आले आणि थांबले. मला माहीत होतं, आता येणार. आलाच. "पर तिनं हात का नाय बदलला?"

"हात बदलायचा तर एकदा सोडावं लागतं, चंद्राबाई," मी म्हणाले. "ती सोडणाऱ्यातली नव्हती."

चंद्राबाईने मान हलवली. इतक्या वर्षांनी तिला उत्तर मिळालं. दुसऱ्या हाताने आधी दंड धरता आला असता, हे मी तिला सांगितलं नाही. ते आपल्या दोघींत राहू दे.

सभा संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी माझ्यामागून पायऱ्या उतरत आली. तिला ती गोष्ट लिहून घ्यायची होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नेहमी सांगता ना, गोष्ट कुणाची ते आधी विचारायचं. ही कुणाची?"

आत्या, इंग्रजीची प्राध्यापक मी. ग्रीकांनी मला क्षमा करावी. मी तिला तुझं नाव सांगितलं.